आधी छत उतरवायचे, मग आवाज विकत घ्यायचा!

"मोगूबाईंना सर्दी झालीय काय रे?"

हा प्रश्न आमच्या मावशीचा. वय ब्याऐंशी, कान मात्र शाबूत. लग्न होऊन अंत्रुज महालातून ती थेट बुऱ्हाणपूरला गेली, त्याला आता साठ वर्षे होत आली. (आमचे बोलणे अर्थात कोकणीतच झाले, इथे मराठीत सांगतो.) मोगूबाई कुर्डीकरांची रेकॉर्ड लावलेली. मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, नव्या खोलीत मला मानाच्या खुर्चीवर बसवून माझ्या तोंडाकडे बघत होता. चार लाख रुपये घातलेल्या माणसाला पाहुण्याच्या तोंडावर जे बघायचे असते ते माझ्या तोंडावर काही उमटेना. तेवढ्यात दारात उभ्या मावशीने हा प्रश्न टाकला आणि खोलीची किंमत एका वाक्यात झाली!

दिवाळीनंतर मंगला एक्स्प्रेसने मडगावहून भुसावळ आणि तिथून पुढे बुऱ्हाणपूर असा प्रवास करून मी गेलो होतो. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले तरी खानदेशाची जुनी राजधानी हीच. मुमताजमहल वारली ती या गावात, १६३१ साली. मिर्झाराजे जयसिंग वारले तेही इथेच, १६६७ साली. पण आपल्यासारख्या गाण्याच्या वेड्यांनी हे गाव लक्षात ठेवायचे ते पुंडरीक विठ्ठलासाठी. कर्नाटकातून आलेल्या या पंडिताने फारुकी राजा बुऱ्हाणखानाच्या आश्रयाने 'सद्रागचंद्रोदय' हा संगीतावरचा ग्रंथ लिहिला. पुढे तो उत्तरेत गेला. गाण्याचे शास्त्र ज्या गावात लिहिले गेले, त्या गावात गाणे ऐकण्याची खोली अशी बिघडावी हे मनाला लागले. म्हणून हा लेख. लेख दादावर नाही. तो माझ्यावर आहे, तुमच्यावर आहे, आणि येत्या महिन्यात आमच्या गावच्या देवळात जो ठराव येणार आहे त्याच्यावर आहे. त्याकडे शेवटी येतो.

आधी खोलीचे सांगतो. दादाचे घर जुने, कापडाच्या धंद्यातले. माडी बारा फूट उंच, वर सागवानी तुळया आणि तक्तपोशी. पंधरा-वीस वर्षांपूर्वी 'सुधारणा' झाली. तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला गेल्या, साडेदहा फुटांवर स्लॅब आला. पुढे गाण्याच्या खोलीची हौस निघाली तेव्हा स्लॅब 'बोडका' दिसतो म्हणून साडेआठ फुटांवर पीओपीचे फॉल्स सीलिंग आले. मग आवाज घुमू लागला. मग सजावटवाल्याने सांगितले, "साहेब, डिफ्यूझर लावावे लागतील." तेही आले. खाचाखाचांचे, दोन इंच खोल, थर्मोकोलचे, वर लाकडाचा रंग. भिंतींना एक इंचाचा फोम. बारा फुटांची माडी साडेआठ फुटांवर आणायला पैसे, आणि त्यातून झालेला रोग बरा करायला परत पैसे!

डिफ्यूझर म्हणजे काय, हे मलाही ठाऊक नव्हते. मी बी.ए. झालेला माणूस, कचेरीत फायली हलवणारा कारकून. पण टिपणी लिहायची तर आधी जुनी कागदपत्रे काढायची ही सवय अंगात भिनलेली. ती काढली तेव्हा जी हकिकत हाती लागली ती फॉल्स सीलिंग विकणाऱ्या प्रत्येक दुकानाच्या दारावर लावावी अशी आहे.

न्यूयॉर्कमध्ये १९६२ साली लिंकन सेंटरचे फिलहार्मोनिक हॉल उघडले. छताखाली आवाज परतवण्यासाठी तक्ते टांगले होते, त्यांना 'ढग' म्हणत. पहिल्या दिवसापासून तक्रारी. खर्ज ऐकू येत नाही, वादकांना एकमेकांचे ऐकू येत नाही. तपास करणाऱ्यांत बेल लॅबोरेटरीजचे मानफ्रेड श्रोडर हे जर्मन शास्त्रज्ञ होते. पुढे गटिंगेनला त्यांनी आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या अनेक सभागृहांचा आवाज टिपून लोकांना ऐकवला आणि आवडनिवड विचारली. १९७४ साली निष्कर्ष छापला. माणसाला दोन्ही कानांत थोडा वेगळा आवाज आलेला आवडतो, म्हणजे बाजूंच्या भिंतींवरून परतलेला. डोक्यावरच्या छतावरून परतलेला आवाज दोन्ही कानांत एकसारखा पडतो आणि गाणे सपाट करतो. व्हिएन्नाचे १८७० चे आणि बॉस्टनचे १९०० चे सभागृह गोड का वाजते? उंच आणि अरुंद आहे म्हणून. भिंती जवळ, छत दूर. नवी सभागृहे मात्र जास्त तिकिटे बसवायला रुंद झाली, आणि एअर कंडिशनर आल्यावर हवेसाठी उंची ठेवायची गरज उरली नाही म्हणून बुटकी झाली. छत जवळ, भिंती दूर! मग श्रोडरनी १९७५ पासून छतासाठी अशा खाचांची योजना मांडली की छतावर पडलेला आवाज सरळ खाली न येता बाजूंना पसरावा आणि भिंतींवरून कानात यावा.

म्हणजे वाचकहो, ज्याला आज आपण खोलीचा दागिना समजून चौरस फुटावर विकत घेतो, तो मुळात खाली आणलेल्या छताचे प्रायश्चित्त आहे. पाप केले नाही त्याला प्रायश्चित्ताची गरज नाही, एवढी साधी ही गोष्ट!

आणि त्या हॉलचे पुढे काय झाले? १९७६ साली आतून पूर्ण पाडून सिरिल हॅरिस यांनी पुन्हा बांधले. तरी समाधान नाही. परत पाडून २०२२ साली पुन्हा उघडले. साठ वर्षे आणि तीन बांधकामे! याच हॅरिस यांनी मुंबईच्या एनसीपीएच्या टाटा थिएटरचे ध्वनीचे काम केले, १९८० साली ते उघडले. मायक्रोफोनवाचून गाणे ऐकता यावे म्हणून मुद्दाम बांधलेली ती जागा. तिथले छत एकदा मान वर करून बघा. सपाट नाही, कोनाकोनांत मोडलेले आहे.

आता दादाच्या खोलीत परत येऊ आणि शाळेतला पायथागोरस बाहेर काढू. स्पीकर आणि कान दोन्ही जमिनीपासून साडेतीन फुटांवर, मध्ये आठ फुटांचे अंतर. छत साडेआठ फुटांवर असेल तर वर जाऊन परतणारा आवाज सुमारे पावणेतेरा फूट चालतो, म्हणजे सरळ आवाजापेक्षा पावणेपाच फूट जास्त. तो सेकंदाच्या हजाराव्या चार भागांइतका उशिरा पोचतो. एवढा उशीर कानाला वेगळा कळत नाही, तो मूळ स्वरात मिसळतो. काही स्वर फुगतात, काही खाल्ले जातात. छत बारा फुटांवर असते तर तोच आवाज पावणेअकरा फूट जास्त चालला असता, दुपटीहून अधिक उशिरा आणि निम्म्याच्या आसपास जोराने पोचला असता. कानाचा त्रास तेवढा कमी. त्यात भिंतींवरचा एक इंच फोम फक्त वरचे, बारीक आवाज गिळतो, खालचे तसेच ठेवतो. वरचे गेले, मधले गोंधळले, खालचे घुमले. मावशीच्या भाषेत यालाच सर्दी म्हणतात!

बरे, डिफ्यूझरने हे का नाही सुधारले? इथे दुकानदाराचे गणित आणि श्रोडरचे गणित वेगळे पडते. श्रोडरच्या खाचांची खोली मनाला येईल तशी नसते. शून्य ते सहा या आकड्यांचे वर्ग करा, सातने भागा, बाकी काढा. ०, १, ४, २, २, ४, १. सात खाचा याच प्रमाणात खोल. १००० हर्ट्झच्या आवाजापासून खरे काम हवे असेल तर सर्वांत खोल खाच सुमारे १० सेंटिमीटर लागते, ५०० हर्ट्झपासून हवे असेल तर २० सेंटिमीटर. दादाच्या दोन इंची, म्हणजे ५ सेंटिमीटरच्या खाचा २००० हर्ट्झच्या आसपास जाग्या होतात. गायिकेचे मूळ स्वर बहुतेक १००० च्या आतच फिरतात. म्हणजे बाई गात होत्या तळमजल्यावर आणि पहारेकरी बसवला होता गच्चीवर!

दुसरे, थर्मोकोल. वजनच नाही त्याला. मधले-खालचे आवाज परतवायला जड, टणक वस्तू लागते. हलका थर्मोकोल त्यांना अडवतच नाही. शिवाय आग लागली तर तो काळा धूर ओकत जळतो. स्वस्त फोमही तसाच. डोक्यावर असली वस्तू चिकटवायची आणि खाली दार बंद करून गाणे ऐकत बसायचे, याला हौस म्हणायचे की काय म्हणायचे?

तिसरी गंमत दिशेची. उभ्या खाचांचा डिफ्यूझर खाचांना आडवा असा आवाज पसरवतो. छतावर त्या खाचा स्पीकरकडून खुर्चीकडे अशा लांबीने धावल्या तरच आवाज डावी-उजवीकडे जातो. दादाकडे त्या आडव्या बसवल्या होत्या. का? तर दारातून शिरताना त्या 'छान दिसतात' म्हणून! आवाज पुढे-मागे पसरत होता आणि परत डोक्यावरच पडत होता. सगळे पैसे खर्च करून श्रोडरच्या बरोबर उलटे काम झाले होते.

दुसऱ्या दिवशी दादा मला शाही किल्ल्यातला हमामखाना दाखवायला घेऊन गेला. वर घुमटाकार छत, त्यावर अजून शिल्लक असलेली रंगीत नक्षी. दादा म्हणाला, "हे बघ, असे गोल छत केले असते तर?" मी म्हटले, "दादा, नको रे बाबा!" आत वळलेले छत आवाज पसरवत नाही, भिंगासारखा एका जागी गोळा करते. आपल्या गोव्याहून सहली जातात त्या विजापूरच्या गोलघुमटाचे उदाहरण घ्या. तिथे टाळी वाजवून प्रतिध्वनी मोजायला मजा येते, पण ख्याल गायला कोणी बसवा बरे! आपला मातीचा घुमट वाजवायला उत्तम, त्याच्या आत बसून ऐकायला नव्हे. किल्ल्यातून आम्ही फारुकींच्या जामा मशिदीत गेलो. अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेख असलेली ही मशीद सोळाव्या शतकाच्या अखेरची. समोर पंधरा कमानी, आत खांबांमागे खांब आणि कमानींना छेदणाऱ्या कमानी. तिथे एक माणूस हलक्या आवाजात बोलत होता आणि शब्द स्वच्छ कळत होता. सपाट अशी सलग जागाच नाही वर. जुन्या गवंड्यांना श्रोडर माहीत नव्हता, पण सपाट छत खाली आणायचे नाही एवढे माहीत होते.

परत आल्यावर दादाने मनाचा हिय्या करून फॉल्स सीलिंग उतरवले. साडेआठचे साडेदहा फूट झाले. तेवढ्यानेच अर्धा फरक पडला, एक पैसा न खर्चता! मग आरशाची युक्ती केली. एकाने खुर्चीत बसायचे, दुसऱ्याने शिडीवर चढून छताला आरसा लावून सरकवायचा. ज्या जागी खुर्चीतून आरशात स्पीकर दिसतो, तीच आवाज परतण्याची जागा. दोन स्पीकरच्या दोन जागा. तेवढ्यापुरतेच काम करायचे, सगळे छत भरायचे कारण नाही. गावच्या सुताराकडून १० सेंटिमीटर खोल खाचांचे लाकडी तक्ते करून घेतले आणि लांबीने बसवले. भिंतींचा फोम काढून तिथे दोन इंच जाडीच्या रॉकवूलच्या चौकटी, वर दादाच्याच मागावरचे सुती कापड. तोंडाने फुंकर मारली की पलीकडे जाईल असेच कापड घ्यायचे, नाहीतर आवाजही आत शिरत नाही. मोगूबाईंची तीच रेकॉर्ड पुन्हा लावली. मावशी आली, बसली, शेवटपर्यंत बसली. उठताना म्हणाली, "आता बरी आहे. पण जुन्या माडीवर अशी नव्हती हो, जास्त मोकळी होती."

त्या 'मोकळी' शब्दाला उत्तर नाही. विकलेल्या तुळया परत येत नाहीत.

आता आपल्या गोव्याकडे या. आपल्या जुन्या घरांची छपरे आठवा. उतरती, कौलारू, मध्यावर पंधरा-वीस फूट उंच. खाली वासे, पाटी, रिपा, प्रत्येकाची जाडी वेगळी, प्रत्येकामधले अंतर वेगळे. आवाज वर जातो तो तुकडे होऊन, उतारावरून बाजूला होऊन, पुष्कळसा कौलांच्या फटींतून बाहेर निघून जातो. याच छपराखाली, याच सभामंडपांत, माईक नसतानाच्या काळात ज्या गळ्यांनी गाणे ऐकले आणि शिकले त्यांतून केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ निघाले. छपरामुळे निघाले असे मी म्हणत नाही. पण ते छप्पर त्यांच्या आड आले नाही एवढे तर खरे? आणि आपण काय करतो? कौले उतरवतो, स्लॅब घालतो, त्याखाली पीव्हीसीच्या पट्ट्या मारतो, खाली चकचकीत टाइल्स बसवतो. मग भजनाला बसलो की झांज कानात खुपते आणि अभंगाचा शब्द कळत नाही. मग कोपऱ्यांत चार स्पीकरचे खोके. शब्द अजून कळत नाही, म्हणून आवाज अजून वाढवायचा!

छताकडे दुर्लक्ष केल्यावर काय होते हे आपण पणजीत पाहिलेच आहे. चार्ल्स कोरियांनी बांधलेली, मारियोंच्या चित्रांनी सजलेली कला अकादमी. नूतनीकरण सुरू असताना जुलै २०२३ मध्ये तिथल्या खुल्या रंगमंचावरचे छप्पर कोसळले. वास्तू पुन्हा उघडल्यावर दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहाच्या आवाजाबद्दल कलावंतांनीच जाहीर तक्रारी केल्या, आणि त्या तपासायला समिती नेमावी लागली. मी सरकारी नोकर, यापुढे बोलत नाही.

यावर लोक मला काय विचारणार ते ठाऊक आहे. "तुम्हाला बोलायला काय जाते? माकडे कौले फोडतात, पावसात गळते, शाकारणीला माणूस मिळत नाही, म्हाताऱ्यांना उकाडा सोसवत नाही." चारही गोष्टी खऱ्या. कौलांवरून लंगूर धावलेले मीही ऐकले आहेत आणि गळतीखाली बादल्याही ठेवल्या आहेत. पण गळती कौलांत आहे ना? मग औषध कौलांना द्या. कौलांखाली पाणी अडवणारा थर घाला, वाशांमध्ये उष्णता रोखणारे अस्तर भरा, वाटल्यास खालून लाकडी फळ्या मारा, पण त्या छपराच्या उताराबरोबर मारा. आडवे सपाट छत दहा फुटांवर टांगणे हे गळतीचे औषध नव्हे. त्याने गळती दिसेनाशी होते, बंद होत नाही. वर वासा कुजत राहतो आणि खाली आपण पीव्हीसीच्या पट्टीकडे बघून खूश!

आणि ज्यांच्याकडे आता स्लॅबच आहे, फ्लॅटच आहे, त्यांनी काय करावे? मीही फ्लॅटमध्येच राहतो. त्यांनी खोलीच्या मध्यावर उभे राहून एक टाळी वाजवावी. टर्रर्र असा पत्र्यासारखा आवाज आला तर जमीन आणि छत एकमेकांना आवाज फेकत आहेत असे समजावे. नऊ फुटांच्या खोलीत ही फेकाफेक सेकंदाला साठेक वेळा होते. आधी जमिनीवर जाड सतरंजी टाकावी. फॉल्स सीलिंग असेल तर काढावे. नऊ फुटांहून कमी उंची असेल तर डिफ्यूझरच्या नादी लागू नये, कारण पसरायला आवाजाला अंतर लागते. ५०० हर्ट्झचा डिफ्यूझर कानापासून निदान दोन मीटर हवा, तेवढी जागाच आपल्याकडे नसते. तिथे आरशाने सापडलेल्या जागी रॉकवूलची चौकट टांगणे हेच शहाणपण. उंची दहा फुटांच्या पुढे असेल तर लाकडी डिफ्यूझर जरूर करावा, खोली विचारून आणि दिशा बघून. आणि गोव्यात एमडीएफचा मुळीच करू नये. दोन पावसाळ्यांत तो फुगतो. वाळवलेला फणस किंवा सागवान वापरावे, आपला च्यारी उत्तम करून देतो.

शेवटी आमच्या देवळाचा ठराव. सभामंडपाला अकरा फुटांवर फॉल्स सीलिंग, वर वातानुकूलन, कोपऱ्यांत नवे स्पीकर. तीन कोटेशन्स आलेली आहेत, सर्वांत कमी दराचे मंजूर होईल. तिन्ही मी वाचली. रंग आहे, दिवे आहेत, हमी आहे. 'आवाज' हा शब्द फक्त स्पीकरच्या ओळीत आहे. चौथे कोटेशन मागवा असे मी समितीला लेखी कळवले आहे. कौले उतरवून दुरुस्त करणे, कुजलेले वासे बदलणे, उताराला धरून फळ्या मारणे, एवढ्याचे. ते कदाचित महाग येईल. पण त्यानंतर आवाजासाठी काही विकत घ्यावे लागणार नाही, हा भाग कोटेशनच्या तक्त्यात दिसत नाही म्हणून इथे लिहिला.

समितीच्या मंडळींपैकी काहीजण हा ब्लॉग वाचतात हे मला माहीत आहे. त्यांना हात जोडून एवढेच, की ठराव संमत करण्याआधी एका संध्याकाळी सभामंडपात या, पंखे आणि माईक बंद ठेवा, आणि कोणालाही एक अभंग म्हणायला सांगा. मग वर बघा आणि सही करा.